पुण्यतिथींचे पंचांग

वारकऱ्याच्या घरातले पंचांग इतरांसारखेच असते, तो वाचतो मात्र निराळे. चैत्र वद्य त्रयोदशी आली की त्याला तेरचे गोरोबाकाका आठवतात. वैशाख वद्य दशमीला मुक्ताई, आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवराय, दुसऱ्याच दिवशी अरणचे सावतोबा. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदी, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीला सासवड, माघ वद्य तृतीयेला नरहरी सोनार, फाल्गुनात बीज आणि षष्ठी. देवांचे आपण जन्म साजरे करतो. रामनवमीला पाळणा हलवतो, गोकुळाष्टमीला सुंठवडा वाटतो. संतांच्या मात्र जाण्याच्या तिथी धरतो. त्याचे एक साधे कारण मला दिसते. कुंभाराच्या, माळ्याच्या किंवा मोलकरणीच्या घरी मूल जन्मले, त्याची नोंद कोण ठेवणार? ते गेले तेव्हा गावाला कळले, की आपल्यातले कोण गेले.

सज्जनहो, मी पन्नास वर्षे गंगाथडीला कीर्तन केले. त्यातली निम्मी तरी कुणाच्या ना कुणाच्या पुण्यतिथीची, तेराव्याची किंवा वर्षश्राद्धाची होती. आता आवाज थांबला आहे, गुडघेही साथ देत नाहीत. बसल्या जागी एकच विचार येतो. मरण समोर दिसले की माणूस दार लावून घेतो, हे आपण रोज पाहतो. मग आपल्या संतांनी त्याच मरणाभोवती ग्रंथ कसे रचले, माणसे कशी जमवली? त्याची सुरुवात आळंदीत सापडते, म्हणून तिथूनच निघू.

शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६. त्या वर्षाच्या आरंभीच अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर चाल करून रामदेवराव यादवांकडून अपार द्रव्य नेले होते. राज्य अजून उभे होते, पण त्याचा पाया हलला होता. त्याच वर्षी कार्तिक वद्यात इंद्रायणीकाठी संतमंडळी जमली. ज्ञानोबाराय एकवीस वर्षांचे होते. एरवी मरण न सांगता येते आणि मागच्यांना दोन शब्द बोलायलाही सवड देत नाही. इथे तिथी आधी ठरली होती. एकादशीचा जागर, द्वादशीचे पारणे, त्रयोदशीला समाधी. कोण जाणार, कधी जाणार हे प्रत्येकाला ठाऊक होते, आणि तरी सगळे त्या जागी येऊन राहिले. कुणी उठून गेले नाही.

हे सगळे आपल्याला कळले ते नामदेवरायांमुळे. ते तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. त्यांच्या नावाने गाथेत तीन प्रकरणे आहेत: आदि, तीर्थावळी आणि समाधी. पहिल्यात चार भावंडांच्या कुळाची आणि जन्माची हकीकत, दुसऱ्यात ज्ञानोबारायांबरोबर केलेली तीर्थयात्रा, तिसऱ्यात आळंदीचे ते दिवस. गाथेत पुढच्या काळातल्या विष्णुदास नाम्यांचे अभंग मिसळले आहेत असे अभ्यासक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. तरी या तीन प्रकरणांनी संप्रदायाला त्याचा इतिहास दिला, एवढे कुणी नाकारत नाही. नामदेवराय तोवर देवाशी भांडणारे, देवाला लडिवाळपणे बोलणारे भक्त होते. आळंदीनंतर त्यांच्या वाणीत माणसे आली. कोण कुठे बसले, कोण रडले, कुणी काय आणले, कुणाचा हात कुणी धरला.

समाधीची जागा नामदेवरायांच्या चार मुलांनी झाडून साफ केली, असे त्या प्रकरणात येते. सव्वीस वर्षांच्या बापाची चार मुले झाडू धरण्याएवढी होती का, असा हिशेब कुणी मांडतो. मांडो बापडा. मला त्यात आपले गाव दिसते. गावात कुणी गेले की कुणी सरण रचायला जातो, कुणी तिरडी बांधतो, कुणी पाहुण्यांना निरोप धाडतो, कुणी शेजारच्या चुलीवर भाकरी टाकतो. प्रत्येकाच्या हाताला काम असते आणि त्या कामानेच माणूस उभा राहतो. नामदेवरायांनी आपली पोरेसुद्धा त्या कामाला लावलेली दाखवली.

आणखी एक गोष्ट. निवृत्तिनाथ हे थोरले बंधू आणि सद्गुरू. आत्मा अमर आहे हे ज्यांनी शिकवले, त्यांनी धीर सोडू नये अशी आपली अपेक्षा. नामदेवराय मात्र त्यांचा शोक झाकत नाहीत. निवृत्तिनाथांनी समाधीच्या दारावर शिळा लावली, तो क्षण ते जसाच्या तसा आपल्यासमोर ठेवतात. लहानपणी आईबाप गेलेली ही भावंडे. समाधीनंतर पुढच्या सात-आठ महिन्यांत सोपानकाका सासवडला, मुक्ताई तापीकाठी आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी गेले. एक घर एका वर्षाच्या आत संपले. वेदान्त सांगणाऱ्या पुष्कळ प्रवचनकारांना हे रडणे अडचणीचे वाटते, ते घाईने पुढे सरकतात. मला ते कधी पटले नाही. कीर्तनाला बसलेली बाई आपल्या लेकरासाठी रडत असते. निवृत्तिनाथही रडले हे तिला कळले, की ती एकटी राहत नाही.

थोडे बाजूला जाऊन महानुभाव पंथाकडे पाहू. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांचे अनुयायी ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या सन्निध राहिले. तिथे म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या साह्याने एकेकाला गाठून स्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पंथ वेगळा, दैवत वेगळे, तरी काळ तोच, तेराव्या शतकाची अखेर. मराठीतले पहिले गद्य चरित्र आणि पहिले पद्य चरित्र, दोन्ही कुणीतरी निघून गेल्यावर मागे उरलेल्यांनी रचले. जो समोर आहे त्याचे चरित्र लिहायची गरज पडत नाही.

आळंदीनंतर नामदेवराय चोपन्न वर्षे जगले. शोक घेऊन ते पंढरीत बसून राहिले नाहीत. उत्तरेकडे गेले, पंजाबात राहिले. गुरदासपूर जिल्ह्यात घुमान गावी त्यांचे स्थान आहे, आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. नरसी नामदेव हे गाव १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच परभणी जिल्ह्यात होते. कयाधू नदीकाठच्या शिंप्याच्या मुलाची वाणी आज अमृतसरच्या दरबारात गायली जाते, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. माउली क्षमा करोत.

आता मंगळवेढे. शके १२६०, इ. स. १३३८, वैशाख वद्य पंचमी. गावाच्या कुसवाचे काम चालले होते. भिंत कोसळली आणि खाली मजूर गाडले गेले. त्यात चोखोबाराय होते. ज्ञानोबारायांची तिथी आधी ठरली होती, चोखोबारायांना कुणी विचारले नाही. दगडमातीखाली माणसे सापडली त्यांची नावे कुणी लिहिली नाहीत, आणि चोखोबांचेही नाव त्यातच जायचे. पंढरीहून नामदेवराय निघाले. ते अडुसष्ट वर्षांचे होते. परंपरा सांगते की त्यांनी एकेक अस्थी कानाला लावून पाहिली, जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून उचलली. त्या अस्थी पंढरीला आणून महाद्वारासमोर त्यांनी समाधी बांधली.

या कथेचा चमत्कार आम्ही कीर्तनकार रंगवून सांगतो, लोकही डोळे पुसतात. पण एक म्हातारा शिंपी कोसळलेल्या भिंतीच्या ढिगाऱ्यात बसून महाराच्या अस्थी हाताने वेचतो आहे, कानाशी नेतो आहे, हे चित्र क्षणभर नाम बाजूला ठेवून पाहा. ज्या काळात त्या माणसाची सावली चालत नव्हती, त्या काळातले हे चित्र आहे. ज्या सूतकाने आणि विटाळाने सगळा समाज बांधला होता, ते दोन्ही नामदेवरायांनी एका कृतीत बाजूला सारले. चोखोबांचे घरही विसरू नये. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांनी अभंग रचले. कर्ममेळ्याच्या वाणीत तर देवाला धारेवर धरणारा जाब आहे. दाराबाहेरच्या त्या एका झोपडीत पाच कवी होते.

महाद्वारासमोर समाधी झाली, पण दाराच्या आत ती झाली नाही. चोखोबांना जिवंतपणी जिथवर येऊ दिले, मरणानंतरही तिथवरच. त्यांच्या लोकांसाठी ते दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात त्या वर्षीच्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण मांडले, तेव्हा बडव्यांनी मंदिर हरिजनांना खुले केले. १३३८ ते १९४७, सहाशे नऊ वर्षे. एवढ्या काळात आपण दर वारीला चोखोबांच्या समाधीवर डोके टेकवले आणि त्यांच्या नातवंड-पतवंडांना बाहेर उभे ठेवले. गेलेल्याला आपले म्हणणे सोपे असते, तो जेवायला पंगतीत येऊन बसत नाही. गुरुजींनीही त्या दारासमोर मरणच ठेवले, आपले स्वतःचे. त्या उपोषणाला संप्रदायातून विरोध झाला, आणि तनपुरे महाराजांसारखे पाठीशी उभे राहिलेलेही संप्रदायातलेच होते. दोन्ही गोष्टी आपल्याच आहेत.

चोखोबांनंतर बारा वर्षांनी, शके १२७२ म्हणजे इ. स. १३५० च्या आषाढ वद्य त्रयोदशीला नामदेवराय गेले. ते ऐंशी वर्षांचे होते. त्यांना राउळात जायला कुणाची आडकाठी नव्हती. देव त्यांच्या हातचा नैवेद्य जेवला अशी ख्याती. तरी त्यांनी जागा मागितली ती महाद्वाराच्या पायरीची, चोखोबांच्या समोरची. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून, असे आपण सांगतो, आणि ते खरेच आहे. मला त्यात आणखी थोडे दिसते, ते माझे अनुमान म्हणून घ्या. ज्याला आत येऊ दिले नाही त्याच्यासाठी आतला माणूस बाहेर येऊन बसला. पुढे ही पायरी रीतच झाली. एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखीला आजचे स्वरूप देणारे हैबतबाबा आळंदीच्या महाद्वारात पायरीलाच विसावले, आणि समाधिसोहळ्याचा आरंभ अजूनही त्यांच्या पायरीच्या पूजनाने होतो.

नामदेवरायांबरोबर त्यांच्या घरातली माणसेही त्या पायरीला गेली असे परंपरा मानते. त्यांत जनाबाई येतात. जनाबाई आमच्या गंगाखेडच्या. गोदावरीच्या काठी त्यांचे मंदिर आहे. लहानपणी आईचे छत्र गेले, बापाने पंढरीला दामाशेटींच्या घरी आणून सोडले, अशी त्यांची कथा. दळण, कांडण, शेणी, पाणी यात जन्म गेला. ज्याला आपले कुणी नाही त्याचे मरण कोण आठवणार? त्यांनी त्याला उत्तर दिले ते आपल्या नावात. प्रत्येक अभंगाच्या शेवटी स्वतःला नामयाची दासी, नामयाची जनी म्हणवून घेतले, आणि ज्या घरात त्या मोलकरीण होत्या त्या घराचे नाव आपल्या नावाला कायमचे जोडून ठेवले. आज दामाशेटींचे घर आपल्याला आठवते त्याला निम्मे कारण जनाबाई आहेत.

त्यांच्या नावावर हरिश्चंद्राचे आख्यान आहे. आख्याने पुष्कळांनी लिहिली, पण दासीने हा विषय घ्यावा याचे मला फार वाटते. राणी तारामती दुसऱ्याच्या घरी दासी होते, लेकरू सर्पदंशाने जाते, ती त्याला उचलून मसणात नेते, आणि तिथे राखण करणारा तिचाच नवरा आधी मसणाचे देणे मागतो. मेलेल्या लेकराला जाळायलाही पैसा लागतो आणि दासीच्या पदरात तो नसतो, हे जनाबाईंना कुणी समजावून सांगावे लागले नसेल.

याच गोदावरीच्या वरच्या अंगाला पैठण. आळंदीच्या समाधीला जवळजवळ तीनशे वर्षे होत आली होती आणि जागा रानात हरवली होती. नाथबाबांना स्वप्न पडले की अजानवृक्षाची मुळी ज्ञानोबारायांच्या गळ्याला लागली आहे. ते आळंदीला गेले, समाधी शोधली, मुळी सोडवली. परतल्यावर त्यांनी ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या पोथ्या जमवून, पाठ ताडून ग्रंथ शुद्ध केला. ते साल १५८४. आज आपण पारायणाला जी ज्ञानेश्वरी घेतो तिच्या मागे नाथबाबांचे ते श्रम आहेत. गळ्याची मुळी आणि ग्रंथातले अपपाठ यांचा संबंध तुम्हीच लावा.

तुकोबारायांच्या बाबतीत मरण पुण्यतिथीसारखे शांतपणे आले नाही. १६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ. थोरली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, दुकान बुडाले. तुकोबा भामनाथाच्या डोंगरावर गेले हे सगळे सांगतात. उतरून आल्यावर त्यांनी काय केले तेही ऐकावे. बापाच्या वेळची कर्जखते काढली, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. दुष्काळात मेलेल्या गावात ज्यांच्याकडे येणे होते तीही माणसे तशीच होरपळलेली होती, हे त्यांनी पाहिले होते. अभंगरचना त्यानंतरची. तीही कुणाच्या सांगण्यावरून? नामदेवराय पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि आपली अपुरी राहिलेली अभंगसंख्या पुरी करायला सांगितली, असे तुकोबाच म्हणतात. पावणेतीनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचे अपुरे काम अंगावर घेऊन देहूचा वाणी लिहायला बसला. १६५० साली ते वैकुंठाला गेले तेव्हा धाकटा मुलगा नारायण अजून पोटात होता. त्याने वडिलांना पाहिले नाही. त्याच नारायणबाबांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून वारी सुरू केली.

तुकोबांच्या त्या कर्जखतांवरून आपल्या भागातली एक गोष्ट बोलायलाच हवी. मराठवाड्यात ज्या घरी शेतकऱ्याने स्वतः जीव दिला, तिथल्या तेराव्याला मी कीर्तनाला गेलो आहे. एकदा नाही, अनेकदा. अशा घरी गाव लोटते. मंडप असतो, टाळकरी वीस-पंचवीस, जेवणाला तीन-चार गावे. एका घरी पंगत उठल्यावर त्या माउलीने मला विचारले, “महाराज, हे सगळे आधी का आले नाहीत?” गेलेल्याने आधीच्या दोन महिन्यांत बी-बियाण्यासाठी त्याच मंडपातल्या किती घरांचे उंबरे झिजवले होते, ते तिने मोजून सांगितले. त्यानंतर मी अशा घरी निरूपणाला नेहमी इंद्रायणीत बुडालेली खतेच घेतली. काही सावकार मंडळी अर्ध्यातून उठून जात. एका गावी पुढच्या सप्ताहाला मला बोलावणे आले नाही. पण दुसऱ्या एका गावी टाळकऱ्यांनीच ठरवले, की दर एकादशीला भजन संपले की ज्या घरचा माणूस दोन एकादश्या दिसला नाही त्या घरी चौघांनी जाऊन बसायचे. पैशाचे काही बोलायचे नाही, चहा घेऊन यायचे. ते अजून जातात.

२०२० साली मरणाची जाणीव सगळ्या जगाला एकदमच झाली, पण जमायला बंदी होती. अंत्यविधीला वीस माणसे, कीर्तन नाही, तेरावा घरच्या घरी. पायी वारी झाली नाही. १ जुलैला आषाढी होती. पादुका एसटीच्या गाडीने पंढरीला नेल्या, आणि आमच्या गावातली म्हातारी माणसे दूरदर्शनसमोर टाळ घेऊन उभी राहिली. शेगावहून परभणी, गंगाखेडवरून जाणारी गजानन महाराजांची दिंडी त्या वर्षी आली नाही, तेव्हा रस्त्याकडेच्या ज्या घरांत दर वर्षी वारकऱ्यांसाठी पिठले-भाकरी होते, तिथल्या बायकांनी सवयीने पीठ मळले आणि मग ते गल्लीत वाटले. त्या दोन वर्षांत जे गेले त्यांच्यापैकी पुष्कळांची कीर्तने मागाहून, बंदी उठल्यावर झाली. एका गावी एकाच रात्री अकरा जणांच्या नावाने एक कीर्तन ठेवले होते. मंडपात अकरा तसबिरी एका ओळीत, कुठल्याही जातीच्या, लागून लागून. त्या गावात स्मशाने दोन आहेत.

आळंदीला अजूनही कार्तिक वद्य त्रयोदशीला, माध्यान्हीच्या सुमारास, नामदेवरायांच्या वंशजांपैकी नामदास महाराज कीर्तनाला उभे राहतात आणि समाधीचा प्रसंग सांगतात. सातशे वर्षांहून जुना शोक, त्याच घराण्याच्या तोंडून. घंटा वाजते, फुले पडतात, आणि ज्यांनी हे पन्नासदा ऐकले आहे तेही रडतात.

सप्ताहाच्या पत्रिका छापायच्या आधी मंडळी अजून मला तिथी विचारायला येतात. तुकाराम बीज गावोगाव असते, काला असतो, लाह्या-दह्याचा प्रसाद सगळे एका हाताने घेतात. मी त्यांना वैशाख वद्य पंचमीचे विचारतो. चोखोबारायांची तिथी. उन्हाळा असतो, शेताची कामे उरकलेली असतात, मंडपाला अडचण नसते. गेल्या वर्षी गंगाखेड तालुक्यातल्या दोन गावांनी ती धरली. एका ठिकाणी वीणा कुणाच्या गळ्यात द्यायचा यावर रात्री अकरापर्यंत बैठक चालली, आणि पहाटे काकड्याला तो गावकुसाबाहेरच्या एका म्हाताऱ्याच्या गळ्यात होता.